उसनी छाती

ती केस विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही. सेवानिवृत्त झाल्यापासून बाकीच्या बऱ्याच गोष्टी एकमेकींत मिसळायला लागल्या आहेत. कुठल्या दरोड्यात कोण पंच होता, घाटातल्या कुठल्या अपघाताला मी स्वतः गेलो होतो आणि कुठल्याला फौजदाराला पाठवलं होतं, हे आज कुणी विचारलं तर मी गोंधळून जाईन. पण एका माणसाच्या छातीचा एक्स-रे मात्र जसाच्या तसा डोळ्यांपुढे आहे. नावं कुणाचीच लिहीत नाही. त्यातली काही माणसं अजून महाडच्या बाजारात भेटतात आणि थांबून बोलतात.

मी तेव्हा महाडला पोलीस निरीक्षक होतो. आदल्या दिवशी पाचाडला बंदोबस्त होता. गडावर गर्दी आणि लोकांना रांगेत उभं करता करता माझा घसा पार बसलेला. सकाळची हजेरी घेतली, लॉकअप पाहिलं, ठाणे अंमलदारानं स्टेशन डायरी पुढे ठेवली, तेवढ्यात एक डॉक्टरबाई आल्या. शहरातलं एक एक्स-रे सेंटर त्यांनी एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून नुकतंच चालवायला घेतलं होतं. ठाण्यात पहिल्यांदा येणारा माणूस बहुधा दारात घुटमळतो, आधी पाटी वाचतो, मग शिपायाचं तोंड बघतो. या बाई सरळ आत आल्या आणि बसायच्या आधीच त्यांनी दोन फिल्म माझ्या टेबलावर ठेवल्या.

"साहेब, नावाप्रमाणे हे दोन्ही फोटो एकाच माणसाचे आहेत. जरा उजेडाकडे धरून बघा."

मी धरले. उलटे धरले होते, ते त्यांनी सुलटे करून दिले. एकात फुफ्फुसं स्वच्छ काळी दिसत होती. दुसऱ्यात त्यांच्यावर सगळीकडे पांढरे ठिपके होते, जमिनीवर कणी सांडावी तसे.

"आजार वाढला असेल," मी माझं अज्ञान पाजळलं.

"आजार वाढतो, साहेब. पण हे हाड बघा." त्यांनी स्वच्छ फोटोतल्या उजव्या कॉलरबोनवर बोट ठेवलं. हाडाच्या मधोमध एक गाठ होती. "हाड मोडून जुळलं की अशी गाठ राहते. आधीच्या फोटोत हाड मोडून जुळलेलं आहे आणि नंतरच्या फोटोत ते कधी मोडलेलंच नाही. असं होऊ शकत नाही."

मग त्यांनी सांगितलं ते असं. दम लागतो म्हणून एक माणूस त्यांच्याकडे आला. त्याचा फोटो काढला. जुना फोटो शोधावा म्हणून कॉम्प्युटरमध्ये त्याचं नाव घातलं तर हा स्वच्छ फोटो निघाला. बाईंना शंका आली. त्यांनी आणखी फोटो उघडले, तर तीच गाठ, त्याच जागी, दुसऱ्या तिघांच्या नावांखाली सापडली. चौघेही परदेशात खाणीवर कामाला जाणारे, आणि चौघांनाही शहरातल्या एकाच एजंटानं पाठवलेलं.

"चार माणसं आणि खांदा एकच," मी म्हणालो. घसा बसला होता तरी मला हसू आलं. बाई हसल्या नाहीत.

"ज्याचा खरा फोटो आहे ना, त्याला सिलिकोसिस आहे," त्या म्हणाल्या. "दगडाची बारीक धूळ फुफ्फुसात जाऊन बसते. ती परत निघत नाही. यावर औषध नाही, फक्त आणखी धूळ थांबवता येते. आणि इथं टीबी समजून त्याला दोनदा टीबीच्या गोळ्या दिल्यात."

मामला समजायला सोपा होता. कंपनी मोठी, अनेक देशांत पसरलेली. मुख्य ऑफिस एका थंड, श्रीमंत देशात आणि खाण आफ्रिकेत. मजूर काही तिथले, काही आपल्याकडून नेलेले. करार संपला की माणूस सुटीवर घरी यायचा. परत जायचं तर छातीचा नवा फोटो स्वच्छ निघायला हवा. तो फोटो महाडला काढायचा आणि एजंटाकडे द्यायचा. म्हणजे इथं कुणीतरी तोतया उभा करून खोटे फिटनेस दाखले काढत होता. कलम ४१९, तोतयेगिरी करून फसवणूक. मी बाईंची फिर्याद घेतली. दाखल्यांची टोळी सापडणार म्हणून मी चांगल्यापैकी खूश होतो, हे कबूल करायला हवं.

एजंटाचं ऑफिस एस.टी. स्टँडजवळ पहिल्या मजल्यावर होतं. भिंतीवर विमानाचं चित्र, टेबलावर अगरबत्ती, आणि माणूस बोलायला साखरेच्या पाकासारखा. मी त्याला म्हटलं, माणूस तुमच्याकडे येतो तिथपासून विमानात बसेपर्यंत काय काय होतं ते सांगा. त्यानं घडाघडा सांगितलं. मग म्हटलं, आता विमानापासून मागे या. तिथं गाडी अडखळली. छातीच्या फोटोपाशी आला की तो प्रत्येक वेळी पुढचं तरी सांगायचा नाहीतर मागचं तरी.

"साहेब, फोटोशी माझा काय संबंध? पाकीट येतं, पाकीट जातं. मी उघडूनही बघत नाही."

खरोखर काही माहीत नसलेला माणूस पोलिसाला आधी विचारतो, काय झालं साहेब? या गृहस्थानं शेवटपर्यंत ते विचारलं नाही. पाणी तिथंच मुरत होतं, पण संशयावर कुणाला आत घालता येत नाही. मी चौघांचे पत्ते घेऊन खाली उतरलो. चारही पत्ते एकाच वाडीचे होते.

वाडी पोलादपूर तालुक्यात, कुडपणच्या बाजूला, डोंगरावर. गुन्हा माझ्या हद्दीत आणि माणसं शेजारच्या, म्हणून पोलादपूर ठाण्याला कळवलं. त्यांनी एक हवालदार बरोबर दिला. त्याची सासुरवाडी त्याच डोंगरातली, त्यामुळे पायवाटा त्याला पाठ. रस्ता संपला तिथं जीप सोडली आणि चढायला लागलो. माझं पोट आणि तो डोंगर यांचं पहिल्याच वळणावर वाजलं. हवालदार अदबीनं मागे राहून चालत होता, पण त्याच्या मनात काय चाललंय ते मला न बघता कळत होतं.

अर्ध्या वाटेवर वरून माणसं उतरताना दिसली. बांबूला घोंगडी बांधून केलेली डोली होती. पुढे दोघे, मागे दोघे. डोलीत एक माणूस बसता येईल तेवढा बसवलेला, आणि बाजूनं त्याची बायको हातात पाण्याची बाटली आणि कपड्यांचं गाठोडं घेऊन चालत होती.

"काय झालं गो वहिनी?" हवालदारानं विचारलं.

"दम लागलाय. रातभर बसूनच हाय. आडवं व्हता येत नाय त्यांना."

हाच तो, पांढऱ्या ठिपक्यांच्या फोटोतला. चाळिशीसुद्धा नीट ओलांडली नव्हती त्यानं, आणि चेहरा म्हाताऱ्याचा. त्याला आपण थोरला म्हणू. तपास बाजूला ठेवून आम्ही मागे फिरलो आणि त्यांच्याबरोबर उतरायला लागलो. जीप खाली होतीच.

डोंगरातली माणसं ओझं नेताना मधूनमधून खांदा बदलतात. पुढचा हाळी देतो, बांबू एका खांद्यावरून उचलून दुसऱ्यावर येतो आणि चाल मोडत नाही. तिघं तसंच करत होते. चौथा मात्र प्रत्येक हाळीला नुसता वाकायचा, सरकायचा, आणि बांबू परत त्याच्या डाव्याच खांद्यावर यायचा. हवालदार त्याला म्हणालासुद्धा, "अरे बाबा, उजवीकडं घे की, मान मोडंल."

"डावीकडंच बरा हाय मी," तो म्हणाला.

जीपपाशी पोहोचल्यावर त्यानं सदऱ्याच्या पुढ्यानं तोंडाचा घाम पुसला. गळ्यापाशी उजव्या बाजूला हाडावरची गाठ उघडी दिसली. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "कधी मोडलं होतं रे?"

"बारक्यापणी. म्हशीमागं कड्यावरनं पडलो व्हतो," तो म्हणाला, आणि पुढचा शब्द त्याच्या तोंडातच राहिला. त्यानं डोलीकडे बघितलं, मग जमिनीकडे. हा थोरल्याचा चुलत भाऊ. याला धाकटा म्हणू. दोघांची नाकं, कपाळं, उभं राहण्याची तऱ्हा एकच. ओळखपत्राच्या अंधुक झेरॉक्सवर कोण कुणाला ओळखणार?

थोरल्याला आम्ही महाडच्या सरकारी दवाखान्यात पोहोचवलं. धाकट्याला दुसऱ्या दिवशी ठाण्यात ये म्हणून सांगितलं. तो सकाळीच येऊन बाकावर बसला होता, खांद्यावर घोंगडी, पायांत चिखल सुकलेला. पळून जाणारा माणूस नव्हता तो, हे मला आदल्या दिवशीच कळलं होतं. पण बोलणाराही नव्हता.

"एक्स-रेसमोर तू उभा राहिलास?"

"नाय."

"हाड तुझंच आहे."

"असंल. मी नाय तो."

मी सगळं करून पाहिलं. गोड बोललो, गप्प बसलो, त्याचं बोलणं त्यालाच उलटं करून दाखवलं. शेवटी टेबलावर जोरात हात आपटला. तो माझ्या हाताकडेच बघायला लागला. म्हणाला, "लागलं काय सायेब?" जबाब लिहून घेणाऱ्या आमच्या रायटरनं कसं हसू दाबलं ते त्याचं त्यालाच ठाऊक. अशा माणसापुढे डाळ शिजत नाही. तो स्वतःसाठी खोटं बोलत नव्हता, म्हणून स्वतःसाठी घाबरतही नव्हता. मी त्याला चहा दिला आणि दवाखान्यात गेलो.

थोरला पलंगावर उशांना टेकून बसला होता, नाकात ऑक्सिजनची नळी. दर तीन-चार शब्दांनंतर थांबायचा. जबाब घ्यायला त्यामुळे फार वेळ लागला, आणि तो लागला हे बरं झालं. घाईच्या जबाबात माणूस फक्त आपण विचारलेलं सांगतो.

त्यानं खाण सांगितली. डोंगराएवढा खड्डा, त्यात ड्रिल मशीन. दगडात भोक पाडताना पाणी मारलं तर धूळ बसते, नाही मारलं तर अंगावर येते. पाणी वाहून आणावं लागायचं, म्हणून मारत नसत. तोंडाला लावायचं फडकं पहिल्या दिवशी मिळालं ते शेवटपर्यंत तेच.

"पाव्हणे यायचे ना, सायेब... कंपनीच्या देशातनं... तवा टँकर फिरायचे. रस्ते वल्ले करायचे. त्या दिवशी खायला बी बरं वाटायचं. ते लोक म्हणायचे... आमच्या देशात असं कोरडं ड्रिल चालवलं तर मालकाला आत टाकतील."

"मग तिथं का चालायचं?"

"तितं कोण इचारतो?"

खाणीला लागूनच तिथल्या लोकांची वस्ती होती. वाऱ्याची दिशा तिकडे. वाळत घातलेले कपडे, झाकून ठेवलेलं अन्न, सगळ्यावर पिठासारखी धूळ. लहान मुलंसुद्धा म्हाताऱ्यासारखी खोकायची. कंपनीच्या दवाखान्यात फोटो काढायचे, पण दाखवायचे नाहीत, खोकल्याची बाटली हातात द्यायचे. थोरल्याच्या जोडीला ड्रिलवर एक तिथलाच माणूस होता. भाषा दोघांना एकमेकांची येत नव्हती तरी दोघं एका डब्यात जेवायचे. थोरला घरी परतायच्या आधीच तो खोकून खोकून वारला.

"त्यांना कोण बघंल, सायेब?" थोरला म्हणाला. "आमाला निदान परत यायला घर व्हतं. त्यांचं घरच तितं."

मी विचारलं, "तुझ्या नावावर कुणाची छाती लावलीस?" त्यानं डोळे मिटले. "माझीच," म्हणाला.

मी वही बंद करून उठलो. व्हरांड्यात त्याची बायको भेटली. तिनं मला जे सांगितलं त्यानं माझा सगळा तपास उलटा झाला. थोरला घरी आल्यावर दम वाढला, तेव्हा तिनं एजंटाला गाठून सांगितलं होतं, कंपनीला कळवा, माणूस तुमच्या कामानं आजारी पडलाय, औषधपाणी बघा. कंपनीचं उत्तर आलं.

"ते म्हणतात, दर बारीला जाताना फोटो चांगला व्हता. आमच्याकडं कागद हाय. मंग रोग आमचा कसा? तुमच्या घरचाच असंल." ती पदरानं तोंड पुसत म्हणाली, "यांना आता घरी न्यायचं तर ती हवेची मशीन लागंल म्हणतात डॉक्टर. आमी कुठनं आणायची?"

मी तिथंच बाकावर बसलो. म्हणजे धाकट्याची निरोगी छाती कंपनीच्या कपाटात थोरल्याच्या नावानं ठेवलेली होती, आणि तीच आता थोरल्याच्या विरुद्ध साक्ष देत होती. धाकटा गप्प राहिला तर तो सुटेल आणि थोरला बुडेल. धाकटा बोलला तर गुन्हा त्याच्यावर, पण स्वच्छ फोटो खोटे ठरतील. इतकी वर्षं मी कबुलीजबाब घेतले, पण कबुली दिल्यानं दुसऱ्याचा जीव वाचेल असा आरोपी माझ्यासमोर कधी बसला नव्हता. मला त्या डोंगराचा, त्या कंपनीचा आणि माझ्या सकाळच्या हात आपटण्याचा, सगळ्याचाच राग आला.

ठाण्यात परत आलो. धाकट्याला बाकावरून उठवून माझ्यासमोर खुर्चीत बसवलं आणि थोरल्याच्या बायकोनं सांगितलेलं सगळं त्याला जसंच्या तसं सांगितलं. तो अगदी हळू म्हणाला, "म्हंजे मीच घात केला त्याचा?"

"तू नाही केलास," मी म्हणालो. हे मी पोलीस म्हणून बोललो नाही.

"मी खरं सांगितलं तर कंपनी बघंल त्याला?"

"ते मी सांगू शकत नाही. पण खोटं तसंच राहिलं तर कधीच बघणार नाही. आणि खरं सांगितलंस तर तुझ्यावर केस होईल, हेही ऐकून ठेव."

"लिवा," तो म्हणाला.

त्यानं सांगितलं ते मी लिहून घेतलं, पण कायद्याच्या भाषेत ते नीट बसत नव्हतं. त्यांच्या वाडीत सावड असते. आज मी तुझ्या लावणीला येतो, उद्या तू माझ्या. आज माझा बैल तुझ्या नांगराला, उद्या तुझा माझ्या. कोण कुणाला किती देतो ते कुणी मांडून ठेवत नाही. धाकटा लहानपणी कड्यावरून पडला तेव्हा थोरल्यानंच त्याला पाठीवर घेऊन डोंगर उतरवला होता, आणि खांदा जुळेपर्यंत त्याच्या घरची शेतीची कामंही केली होती. पुढे थोरला खाणीवरून पहिल्यांदा सुटीवर आला. फोटो काढला. एजंट म्हणाला, हा फोटो चालायचा नाही, चांगला घेऊन ये. थोरल्यानं वाडीत येऊन ते सांगितलं. सगळे ओट्यावर बसले आणि कुणाची छाती चांगली यावर बोलणं झालं. धाकटा कधी वाडी सोडून गेला नव्हता, म्हशींमागे दिवसभर चढउतार करायचा. सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं.

"माझ्याकडं चांगली व्हती, त्याच्याकडं नव्हती. दिली," तो म्हणाला. "बैल देतो तशी. मंग बाकीच्यांनी बी मागितली. नाय कसं म्हणायचं?"

"थोरल्याचा फोटो का चालत नाही, हे कुणी विचारलं नाही?"

"आमाला वाटलं, कंपनीची कायतरी रीत असंल. आजारी हाय असं कुणी बोललंच नाय. बोलले असते तर त्याला जाऊ दिला असता काय आमी?"

त्याच वेळी कळलं की बाकीच्या तिघांपैकी एकाचं तिकीट येऊन पडलेलं होतं. तोही धाकट्याच्याच छातीवर चालला होता. हवालदाराला मी लगेच वर पाठवलं. तो माणूस आधी भांडला, घर कसं चालवू म्हणाला. हवालदारानं त्याला धरून दवाखान्यात आणलं आणि थोरल्याच्या पलंगाशी नेऊन उभं केलं. त्यानंतर तो भांडला नाही.

आता एजंटाची पाळी होती. या खेपेला मी त्याला ठाण्यात बोलावलं. तो तेच म्हणाला, पाकीट येतं, पाकीट जातं.

"थोरल्याला तुम्ही सांगितलंत की फोटो चालणार नाही?"

"असं काहीतरी म्हणालो असेन."

"का चालणार नाही, ते सांगितलंत? छातीत रोग आहे म्हणून?"

"साहेब, मी डॉक्टर थोडाच आहे? मला फोटोतलं काय कळतं?"

"कळत नाही, तर तो वाईट आहे हे कसं कळलं? आणि पाकीट तर तुम्ही उघडत नाही."

साखरेचा पाक तिथं आटला. त्यानं पाणी मागितलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पांढरे ठिपके असलेला फोटो परत पाठवायचा, हे त्याला कंपनीच्या माणसांनी फोनवर शिकवलं होतं. नवा माणूस शिकवून तयार करण्यापेक्षा जुना कसलेला ड्रिलवाला परत आलेला कंपनीला हवा होता, फक्त कागद स्वच्छ पाहिजे. तो कागद कुठून आला, हे विचारायचं नाही. एजंटाला दलाली मिळत होती, त्यानं कानाडोळा केला. थोरल्याचा पहिला खरा फोटो, सेंटरवर कॉम्प्युटर यायच्या आधीचा, त्यानं फेकून दिला होता. ज्याची छाती, त्याला तो कुणी दाखवलाच नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. धाकट्यानं दंडाधिकाऱ्यांसमोर जबाब दिला, कोर्टात गुन्हा कबूल केला, आणि कोर्टानं त्याला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं. एजंटाला शिक्षा झाली आणि त्याचं दुकान बंद झालं. कंपनीपर्यंत मात्र माझे हात पोहोचले नाहीत. मुंबईतल्या तिच्या पत्त्यावर आमचा माणूस समन्स घेऊन गेला, तर तिथं एक पाटी आणि एक बंद दार होतं. खाण एका देशात, मालक दुसऱ्या देशात, आजारी माणूस तिसऱ्या देशात. माझी हद्द वाशिष्ठी नदीपर्यंतसुद्धा नव्हती. पण कामगारांसाठी लढणाऱ्या काही वकिलांनी धाकट्याचा जबाब आणि सरकारी डॉक्टरांचा अहवाल घेऊन कंपनीला तिच्याच देशात गाठलं. कंपनीनं चूक मान्य केली नाही, पण बऱ्याच काळानं चौघांच्या उपचाराची जबाबदारी घेतली. थोरल्याला हवेची मशीन मिळाली. वाडीतली वीज पावसाळ्यात सारखी रुसते, म्हणून त्याला खाली रस्त्यालगत नातेवाइकांकडे ठेवलं. तो तिथं आणखी काही वर्षं, उशांना टेकून, पण घरच्या माणसांत जगला. तिथल्या खाणीशेजारच्या वस्तीचं काय झालं ते मला माहीत नाही, आणि याचं मला अजून वाईट वाटतं.

या केसनंतर माझी एक सवय बदलली. पोलिसाला कागदावर विश्वास ठेवायला शिकवतात, आणि ते बरोबरच आहे. पण कुणाच्याही नावाचा स्वच्छ दाखला समोर आला की मी त्या माणसाला बोलावून समोर उभं करायला लागलो. चेहरा बघायचा, चार पावलं चालायला लावायचं, आणि त्याला स्वतःला विचारायचं, तुला काय होतंय? हाताखालची पोरं वैतागायची. वैतागू देत.

पण केस म्हटली की मला कोर्ट आठवत नाही. आठवतो तो अलिबागच्या सरकारी रुग्णालयातला दिवस. पुराव्यासाठी धाकट्याचा नव्यानं एक्स-रे काढायचा होता आणि त्याच दिवशी डॉक्टरांच्या मंडळापुढे थोरल्याची तपासणी होती. दोघांना आम्ही एकाच गाडीतून नेलं. रस्ताभर धाकट्यानं ऑक्सिजनचा सिलिंडर मांडीशी धरून ठेवला होता.

एक्स-रेच्या खोलीत धाकट्यानं सदरा काढला, हनुवटी वर केली, खांदे पुढे घेतले. त्याला काहीच सांगावं लागलं नाही. तिथल्या माणसानं विचारलं, "नाव?"

धाकट्यानं दाराकडे, थोरल्याकडे बघितलं आणि स्वतःचं नाव सांगितलं. एक्स-रेच्या मशीनपुढे पहिल्यांदाच.

फोटो आला. डॉक्टरांनी तो काचेवर लावला, गाठ बघितली, मान हलवली. थोरला म्हणाला, मला बी दावा. मी त्याची चाकाची खुर्ची पुढे नेली.

"हीच काय रे, माझ्या नावावर व्हती ती?"

"व्हय दादा." सदऱ्याची बटणं धाकट्याला लागेनात. "माझं चुकलं."

थोरल्यानं हात वर केला आणि त्या काळ्या, स्वच्छ फुफ्फुसांवर काचेवरूनच बोटं फिरवली. श्वास जुळवायला थांबला.

"लय चांगली हाय रे," तो म्हणाला. "जप. आता कुणाला देऊ नको."